कुणी विचारलंच नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय नवराबायकोच्या जवळिकीचा आहे. रेडिओ घरातल्या सगळ्यांनाच ऐकू येतो, याची मला जाणीव आहे. त्यामुळे कुणाला मान खाली घालावी लागेल असं मी काही बोलणार नाही. पण विषय टाळणारही नाही. तो टाळत आल्यामुळे किती घरांचं नुकसान होतं, हे मी दवाखान्यात रोज पाहते.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. नावगाव अर्थातच सांगत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातून दोघं आले होते. लग्नाला अकरा वर्षं झालेली, पदरात दोन मुलं. बाई कंबरदुखीची तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांना तपासायच्या टेबलावर बसवून मी बाहेर आले, तेव्हा नवरा हळूच म्हणाला, ‘‘डाक्टरबाई, हिले माहा कंटाळा आला का, एवढंच इचारा.’’ बोलता बोलता कळलं की वर्षभरापासून दोघांत अबोला आहे. रात्री तो जवळ गेला की ती पाठ फिरवते. मग तो चिडतो, कधी दारू पिऊन येतो. भांडण सोडचिठ्ठीच्या गोष्टींपर्यंत गेलं होतं.

आत जाऊन मी बाईंना विचारलं. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, ‘‘मले आवडत नाही असं नाही, बाई. पण मले कोनी इचारलंच नाही.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पुरुषाला हवं असतं, बाईला नको असतं, असं आपण सारे गृहीत धरून चालतो. पुरुष तसं समजून वागतो आणि बाईही तसंच समजून गप्प राहते. हे गृहीत कितपत खरं आहे, तेच आज पाहू या.

प्रश्न जुना आहे

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न पडला नव्हता असं समजू नका. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त यावर रीतसर वाद आहे. औद्दालकी नावाच्या आचार्याचं मत असं, की पुरुषाला जशी सुखाची पूर्ती होते तशी स्त्रीला होत नाही. बाभ्रव्याचे अनुयायी म्हणतात, स्त्रीचं सुख सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चालू असतं. दोन्ही बाजू मांडून झाल्यावर वात्स्यायन स्वतःचा निवाडा देतो. स्त्री आणि पुरुष एकाच जातीचे, म्हणून त्यांचं सुखही एकाच जातीचं. आणि पुढे सांगतो, की पुरुषानं असं वागावं की तिला आधी सुख मिळेल. त्या काळातलं हे शहाणपण मध्येच कुठं हरवलं, याचा विचार करण्यासारखा आहे.

आपल्या मराठी मुलखाशी आणखी जवळचं उदाहरण म्हणजे ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावाशी जोडलेला आहे. त्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडी आहेत, आणि त्या बायका खेड्यातल्या, शेतातल्या आहेत. आपली ओढ, रुसवा, विरह त्या मैत्रिणीला मोकळेपणानं सांगतात. बाईला इच्छा असते हे सांगायला त्या कवींना पाश्चात्त्यांचा दाखला लागला नव्हता.

आधुनिक काळात हा विषय मराठीत उघडपणे आणला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते सतत लिहीत राहिले. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी मासिकातून दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक अडचणी विचारत असतील तर अज्ञान दूर करण्यासाठी उत्तर द्यायलाच हवं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ या चित्रपटातून आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकातून हे कर्वे नव्या पिढीला भेटले. पण त्यांच्याकडे वाचकांनी पाठवलेल्या शंका आजही त्याच आहेत. फरक इतकाच, की आज त्या शंकांची उत्तरं मोबाइलवरच्या घाणेरड्या चित्रफितींत शोधली जातात.

सरासरीचा घोळ

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. स्त्री-पुरुषांच्या आवडीनिवडीत फरक आहे का? आहे. पण आपण समजतो तेवढा नाही, आणि समजतो तिथंही नाही.

बीबीसीनं इंटरनेटवरून एक मोठी पाहणी केली होती. त्यातल्या ५३ देशांमधल्या २ लाखांवर लोकांच्या उत्तरांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी पाहिली तर पुरुषांची कामेच्छा स्त्रियांपेक्षा जास्त निघाली. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली, जी फारशी सांगितली जात नाही. पुरुषा-पुरुषांमध्ये जेवढा फरक होता, त्याहून स्त्रिया-स्त्रियांमध्ये जास्त होता. म्हणजे ‘बायका अशाच असतात’ हे वाक्य तर आणखीच चुकीचं.

सरासरी म्हणजे काय, हे कास्तकाराला वेगळं सांगायला नको. शेजारशेजारच्या दोन वावरांत कपाशी आहे. एका वावराची सरासरी दुसऱ्यापेक्षा एकरी एक क्विंटल जास्त आली. म्हणून त्या वावरातलं प्रत्येक झाड बोंडांनी लदलेलं असतं का? दुसऱ्यातही अशी झाडं असतात, की ती पहिल्यातल्या बऱ्याच झाडांना भारी पडतील. एकटं झाड पाहून ते कोणत्या वावरातलं हे सांगता येत नाही. माणसांचंही तसंच. ज्या घरात बायकोची इच्छा नवऱ्यापेक्षा जास्त आहे अशी घरं पुष्कळ आहेत. तिथं बाईला आपण वाईट चालीची आहोत की काय असं वाटतं, आणि नवऱ्याला आपण कमी पडतो असं वाटतं. दोघंही विनाकारण झुरतात.

अमेरिकेतल्या पीटरसन आणि हाइड या दोन संशोधकांनी २०१० साली याहून मोठा आढावा घेतला. ८०हून अधिक देश आणि १४ लाखांवर माणसं त्यात आली. बहुतेक बाबतींत स्त्री-पुरुषांमधला फरक लहान निघाला. तो ठळक होता तो मोजक्या गोष्टींत: हस्तमैथुन, अश्लील चित्रं पाहणं, क्षणिक संबंधांबद्दलचं मत. समाधानाच्या बाबतीत दोघं जवळपास सारखीच होती.

शिवाय लोक खरं सांगतात का, हाही प्रश्न आहेच. २००३ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना सांगितलं, तुमचं खोटं पकडणारं यंत्र जोडलं आहे. प्रत्यक्षात यंत्र काहीच करत नव्हतं. पण तेवढ्यानं मुलामुलींच्या उत्तरांतला फरक बराच कमी झाला. यंत्राच्या भीतीनं मुलींनी लोकलाजेची झाकणं जरा बाजूला केली होती. अमेरिकेतली ही गत, तर आपल्याकडच्या सूनबाईंनी मनातलं सांगावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

इच्छेच्या दोन वाटा

मग खरा फरक कुठं आहे? माझ्या मते तो इच्छा असण्या-नसण्यात नाही. ती जागी कशी होते, यात आहे.

मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीनं १९६६ साली आपलं संशोधन प्रसिद्ध केलं, तेव्हा समागमात शरीरात काय काय घडतं हे प्रथमच नीट कळलं. त्यावरून पुढे असा समज रूढ झाला की आधी इच्छा होते, मग शरीर जागं होतं. २००० साली कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी याला पुस्ती जोडली. दीर्घकाळ संसार केलेल्या अनेक स्त्रियांमध्ये क्रम उलटा असतो, असं त्यांनी मांडलं. आधी निवांतपणा, आपुलकीचा शब्द, स्पर्श. त्यातून शरीर जागं होतं, आणि इच्छा मागून येते.

एखाद्या विहिरीचं पाणी काठावरूनच दिसतं. दुसरीत दोर सोडावा लागतो. म्हणून दुसरी कोरडी आहे असं आपण म्हणत नाही. सगळ्या बायका दुसऱ्या विहिरीसारख्या आणि सगळे पुरुष पहिलीसारखे, असंही नाही. वय वाढतं तसे कितीतरी पुरुष दुसऱ्या वाटेनं जाऊ लागतात. पण आपल्याकडे घाई फार. दोर सोडण्याआधीच ‘पाणी नाही’ असा निकाल दिला जातो.

शरीररचनेचंही एक सांगायला हवं. स्त्रीच्या सुखाचं मुख्य इंद्रिय म्हणजे शिश्निका. बाहेरून ती दाण्याएवढी दिसते, पण तिचा मोठा भाग आत असतो. तिची नीट शरीररचना ऑस्ट्रेलियाच्या डॉ. हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली मांडली. माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर जवळपास तीस वर्षांनी! नुसत्या समागमानं बहुसंख्य स्त्रियांची कामपूर्ती होत नाही, त्याचं कारण या रचनेत आहे. त्यात त्या स्त्रीचा दोष नाही आणि पुरुषाच्या मर्दुमकीचाही प्रश्न नाही.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५२ हजारांवर लोक होते. स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपैकी ९५ टक्के म्हणाले की आमची बहुतेक वेळा कामपूर्ती होते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ६५ टक्के होतं. आणि ज्या स्त्रिया स्त्रियांशीच संबंध ठेवतात त्यांच्यात ८६ टक्के. हा तिसरा आकडा फार बोलका आहे. बाईचं शरीरच थंड असतं तर तो ६५च्या वर गेला नसता. बाईला काय आवडतं हे जोडीदाराला माहीत आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. त्याच पाहणीत ज्या स्त्रिया समाधानी होत्या त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत. घाई नसणं, प्रेमाचे शब्द, काय आवडतं ते सांगता येणं.

रात्र सुरू होते सकाळी

आता आपल्या गावात येऊ. वेचणीच्या दिवसांत बाई अंधारात उठते. पाणी, सडा, चूल, डबे, मुलांची शाळा. मग वावरात दिवसभर कमरेत वाकून वेचणी. मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायलाही फुरसत नाही. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा चूल. नवराही राबतोच, पण घरी आल्यावर तो बसतो, ती उभीच असते. रात्री दहाला तिचं अंग जमिनीला टेकतं. त्या वेळी तिला झोपेखेरीज कशाचीही इच्छा होत नसेल, तर तिला थंड म्हणायचं का?

२०२२ साली परदेशात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलंबाळं असलेल्या स्त्रियांना हेच विचारलं होतं. घरकामाचा भार जिच्यावर जास्त, तिची नवऱ्याबद्दलची ओढ कमी, असा त्याचा निष्कर्ष. सगळं मलाच पाहावं लागतं असं वाटू लागलं की नवराही आणखी एक सांभाळायचं लेकरू वाटू लागतो.

दुसरं कारण दुखणं. विदर्भातलंच संशोधन सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर खळबळ उडाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता, आणि त्यांपैकी फार थोड्यांनी आधी कधी तपासून घेतलं होतं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, समागमाच्या वेळी आग होणं, हे सगळं ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून सोसलं जातं. ज्या गोष्टीनं दर वेळी दुखतं, तिची ओढ कुणाला वाटेल?

तिसरं कारण भीती. दिवस राहण्याची भीती बाईच्याच डोक्यावर. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचं कुटुंबनियोजन स्वतःच्या शस्त्रक्रियेवर चाललेलं दिसलं. नवऱ्याच्या नसबंदीवर विसंबलेल्या ०.३ टक्के. नसबंदी सोपी, तीत धोका कमी, पण पुरुषाच्या मनात तिची धास्ती मोठी.

आणि चौथं कारण आडोसा. दोन खोल्यांत सासू-सासरे, मुलं, पाहुणे. कान सारखे बाहेर लागलेले. मन कसं लागणार?

याच राष्ट्रीय पाहणीत आणखी एक प्रश्न होता. बायको थकलेली आहे, तिचं मन नाही, किंवा नवऱ्याला गुप्तरोग आहे, किंवा त्याचे बाहेर संबंध आहेत, अशा वेळी तिनं नाही म्हणणं योग्य का? या सगळ्याच कारणांसाठी ‘योग्य’ असं ८० टक्के स्त्रियांनी सांगितलं, पुरुषांत मात्र ६६ टक्क्यांनी. शंभरातल्या उरलेल्या चौतीस पुरुषांना यातलं एखादं तरी कारण पटत नाही. त्यांना मी एवढंच सांगेन, की जिला ‘नाही’ म्हणायची मुभा नाही, तिच्या ‘हो’ला काही किंमत राहत नाही. आणि घरातली लैंगिक जबरदस्ती २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली येते, हेही ध्यानात असू द्या.

त्याचंही ऐका

पण बायकांची बाजू घेताना पुरुषावर अन्याय व्हायला नको. आपण पुरुषाला फक्त शरीर समजतो. त्या नवऱ्यानं मला काय विचारलं होतं? ‘हिले माहा कंटाळा आला का?’ हा प्रश्न शरीराचा नव्हता. आपण कुणाला तरी हवे आहोत का, हा होता. बहुतेक पुरुषांना प्रेम मागायची दुसरी भाषा शिकवलेलीच नसते. पोरगा रडला की ‘बाईसारखा काय रडतो’ म्हणायचं, आणि मोठेपणी तो मनातलं बोलत नाही म्हणून तक्रार करायची, हे कसं चालेल?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या जोडप्यांना रोजच्या रोज नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. दिसलं असं, की नवऱ्यांना बायकोची इच्छा असते त्यापेक्षा कमीच वाटते. म्हणजे तिनं दिलेली खूण त्यांना कळत नाही. नकाराच्या धास्तीनं ते आधीच माघार घेत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

भीती त्यालाही आहेच. धातू जाते, ताकद कमी झाली, आकार लहान आहे. या धास्तीला डॉ. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती याच भीतीवर जगतात. वीर्य जाण्यानं ताकद जात नाही. ताठरता खरोखरच कमी झाली असेल तर मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू आणि काळजी ही कारणं आधी पाहावीत. कर्जाच्या ओझ्याखाली झोप उडालेल्या माणसाची इच्छाही उडते. तीही बायकोला सांगायला त्याला लाज वाटते, आणि तिला वाटतं, याचं मन दुसरीकडे आहे.

विचारायचं कसं?

तर मग करायचं काय? चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली, या विषयावर अंथरुणात आणि भांडणात बोलू नका. वावरातून येताना, बैलगाडीत, मोटारसायकलवर, दोघंच असाल तेव्हा बोला. ‘तुला काय आवडतं’ या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. जिला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नाही, तिला स्वतःलाच उत्तर माहीत नसतं. ‘काय नको वाटतं’ असं विचारा. त्याचं उत्तर लवकर येतं.

दुसरी, बायांनो, तुम्हीही सांगा. खूण त्याला कळत नाही हे आत्ताच ऐकलंत. शब्दांनी सांगा. यात निर्लज्जपणा काही नाही.

तिसरी, दुखत असेल तर तपासून घ्या, आणि जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दोघांनीही औषध घ्या. पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो, त्यावरही उपाय आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. भिंतीवरच्या पत्त्यावर जाऊ नका.

चौथी, जवळ बसणं, हात हातात घेणं, पाठ चोळून देणं हे सगळं पुढच्याच गोष्टीसाठी असतं असं होऊ देऊ नका. नाहीतर बाई साध्या स्पर्शालाही घाबरू लागते. आणि झाल्यावर लगेच कूस बदलू नका. दोन शब्द बोला. ते दोन शब्द बऱ्याच बायकांना उरलेल्या सगळ्याइतके मोलाचे वाटतात.

ते जोडपं? बाईंना जंतुसंसर्ग होता. दोघांना औषध दिलं. नवऱ्याला मी एकच काम सांगितलं होतं: महिनाभर संध्याकाळचं पाणी तू भर, आणि महिनाभर तिच्या मागे लागू नकोस. त्याला ते औषधापेक्षा कडू वाटलं असावं. तीनेक महिन्यांनी बाई एकट्याच आल्या, मुलीच्या खोकल्यासाठी. मी काही विचारलं नाही. निघताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘आता इचारतेत, बाई.’’

एवढं बोलून हसल्या आणि गेल्या.